थोरल्याचा कोट

मास्तरांनी त्या दिवशी सकाळी एका पोराच्या पँटला तीन पाय कापले, त्यावरून त्यांच्या मनाची काय अवस्था होती ते ओळखा.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. शाळांचे गणवेश शिवणारे. आसपासच्या सगळ्या पोरांच्या छात्या, कंबरा आणि बाह्या त्यांच्या टेपखालून गेलेल्या, आणि प्रत्येक पोराच्या आईला त्यांनी एकच गोष्ट ऐकवलेली : पोरगं वाढतंय, शिवणीत माया जास्त ठेवतो, पुढच्या वर्षी उसवून मोठं करू. माणूस कामाला चोख. तीस-चाळीस चड्ड्या एका दमात कापील आणि दोऱ्याचा फरक पडणार नाही.

"हा तिसरा पाय कशाला रे?" अक्काने विचारलं. "रस्त्यापलीकडे लवकर पोचायला?"

अक्का ही मास्तरांची मोठी बहीण. ती दुकानात काज-बटणाला बसे. हात काजावर आणि तोंड भावावर, असं तिचं दिवसभर दोन्ही आघाड्यांवर काम चाले. मास्तरांनी कापलेला पाय गुपचूप कापडाच्या ढिगात सारला आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले.

रस्त्यापलीकडे रोपवाटिका होती आणि रोपवाटिकेत बाई होत्या. हातात कायम माती, कानामागे खोचलेली पेन्सिल, आणि हसणं असं की फाटकापासून आमच्या मास्तरांच्या मशीनपर्यंत ऐकू यावं. ते हसणं ऐकू आलं की मास्तरांचा पाय पॅडलवर थबके आणि शिवण वाकडी जाई. गेलं वर्षभर ते आठवड्यातून एकदा काहीतरी बोलायचं ठरवून तिकडे जात, बाई समोर आल्या की त्यांची बोबडी वळे, आणि मग ते घाईघाईने एक क्रोटनचं रोप विकत घेऊन पळत सुटत. दुकानात आणलं की रोपाला प्रेमाने पाणी घालत. इतकं घालत की ते कुजून मरे. मग नवीन रोप आणायला कारण मिळे.

"तुला माणसाशी बोलायचंय तर बोल ना," अक्का म्हणायची. "मुक्या झाडांचे जीव का घेतोस?"

तर, तीन पायांचं कारण. आदल्या दिवशी बाईंनीच सहज सांगितलं होतं. त्यांचा दादा लांब, समुद्राकाठच्या उबदार शहरात राहतो. तो कधीचा मागे लागलाय की एकटीने किती दिवस राबणार, बंद कर आणि इकडे ये. गेल्या थंडीत बाईंची अर्धी झाडं गेली, तेव्हा त्या रडत रडत दादाला शब्द देऊन बसल्या होत्या : अजून एक थंडी बघते. यंदा थोरला गेला, तर फाटकाला कुलूप लावून येते.

थोरला म्हणजे अंगणातला मधला पाम. बाईंनी बियांपासून वाढवलेला. आता दोन माणसं एकावर एक उभी राहिली तर जेमतेम शेंड्याला हात लागेल एवढा उंच. बाकीची झाडं विकायची, थोरला विकायचा नाही. तो जमिनीत होता, त्याला उचलून आत नेता येत नव्हतं. आणि त्याच सकाळी रेडिओवर सांगितलं की थंडी यंदा फारच लवकर आलीय, आज पहाटे दव गोठेल. लोकांचे स्वेटर अजून पेटीत होते. मास्तरांच्या दुकानात कोटांचं नवं कापड अजून आलंही नव्हतं. एवढं ऐकल्यावर माणसाने पँटला किती पाय कापावेत?

मास्तर तिसरा पाय लपवत असतानाच दार धाडकन उघडलं आणि बाई आत आल्या. धापा टाकत, केसांत गवताची काडी.

"मास्तर, तुमच्याकडे जागा आहे?"

या प्रश्नाचं उत्तर मास्तरांच्या मनात वर्षभर तयार होतं. तोंडातून मात्र "क-कसली?" एवढंच निघालं.

"कुंड्यांना! रात्री बाहेर राहिल्या तर उद्या सगळी पानं काळी पडतील."

मग जी तारांबळ उडाली ती काय सांगावी. मास्तर, बाई आणि शिव्या घालत अक्का, तिघांनी मिळून हातगाडीवरून कुंड्या ओढल्या. दुकानाची पार दशा झाली. इस्त्रीच्या टेबलाखाली अँथुरियम बसली. कापडाच्या फळ्यांवर जास्वंदी चढल्या. कपडे घालून बघायच्या खोलीत एक शोभेची केळ आरशासमोर अशी उभी राहिली की बिल मागायला आलेला इस्त्रीवाला पडदा सरकवून "माफ करा" म्हणाला आणि मागे फिरला. बाईंना हसू आवरेना. त्यांचं बघून मास्तरांनाही हसू फुटलं. वर्षभरात बाईंसमोर त्यांच्या तोंडून निघालेला तो पहिला स्पष्ट आवाज.

हसणं ओसरल्यावर बाईंचा चेहरा एकदम उतरला. "लहानसहान झालं हो. थोरल्याचं काय करू? झुडपांवर टाकायलाच गोणपाटं पुरायची नाहीत. मास्तर, त्याच्यासाठी अंगभर काहीतरी शिवून द्याल? ऊन उतरायच्या आत?"

शिवून द्याल! मास्तरांच्या अंगात वीज संचारली. बोलणं हा त्यांचा प्रांत नव्हताच, पण शिवणं? "मापं घेतो," ते म्हणाले. न अडखळता.

बाईंच्या मनात होतं एखादं सरळसोट गुंडाळायचं फडकं. दोन बाजू जोडल्या, चार टाके मारले, झालं. पण त्या तसं बोलल्या नाहीत. 'अंगभर काहीतरी' एवढंच म्हणाल्या आणि मुळाशी पसरायला पेंढा आणायला धावल्या. आता गणवेश शिवणाऱ्या, त्यातून प्रेमात पडलेल्या माणसाला 'अंगभर काहीतरी' म्हणून मोकळं सोडल्यावर दुसरं काय होणार? मास्तरांनी टेप काढला आणि थोरल्याची रीतसर मापं घेतली. उंची. छाती. कंबर. खोडाला मध्ये जरा पोट सुटलं होतं, तेही धरलं. खांदा कुठे धरायचा यावर ते बराच वेळ मान तिरकी करून विचार करत उभे राहिले.

दुकानात एका शाळेने मध्येच रंग बदलल्यामुळे पडून राहिलेला बाटलीच्या हिरव्या रंगाचा अख्खा तागा होता. कोटाचं जाड, लोकरी कापड. मास्तरांनी तो टेबलावर धाडकन उलगडला. अक्काने कपाळाला हात लावला.

"अरे, झाड आहे ते!"

"म्हणून काय झालं? कोट तो कोट."

कातर चालली, मशीन धडधडू लागलं. झाडाला हात वर करता येत नाहीत, तेव्हा कोट डोक्यावरून घालायचा नाही, पुढून उघडायचा. म्हणजे बटणं आली. बटणं म्हणजे काजं आली. अक्का कुरकुरत बसली, पण एकदा सुई हातात धरली की तिला वाईट काज करताच येत नसे. मास्तरांनी आतून अस्तर लावलं. कॉलर लावली. दोन बाहेरचे खिसे लावले.

"खिसे?" अक्का किंचाळली.

"कोटाला खिसे नकोत? लोक काय म्हणतील?"

आतून तिसरा, पेनाचा खिसा लावताना मात्र त्यांनी अक्काकडे पाठ केली. आणि सगळ्या शिवणींत चांगली चार-चार बोटं माया ठेवली. वाढतं झाड, पुढच्या वर्षी उसवून मोठं करता आलं पाहिजे. पुढचं वर्ष! नुसत्या त्या शब्दाने मास्तरांना गुदगुल्या झाल्या. पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी, दर थंडीला ते टेप घेऊन रस्ता ओलांडणार आणि बाई म्हणणार, या मास्तर, थोरला वाढला बघा. ते मशीनवर चक्क गुणगुणायला लागले.

दुपार कलली तेव्हा मास्तर खांद्यावर कोट टाकून वाजतगाजत निघाले. म्हणजे वाजवत कुणी नव्हतं, पण चाल तशी होती. बाई मागच्या बाजूला झुडपं झाकत होत्या. त्यांनी इकडे वळायच्या आत मास्तरांनी कोट थोरल्याभोवती लपेटला, खालपासून वरपर्यंत बटणं लावली, टाचा उंचावून कॉलर सारखी केली आणि बाजूला उभे राहिले.

खरं सांगतो, कोट अप्रतिम बसला होता. कुठे चुणी नाही, कुठे ओढ नाही. पोटावरही नीट. बाटली रंगाच्या कॉलरीतून थोरल्याची पानं चहूकडे अशी सुटली होती, जणू शाळेच्या पहिल्या दिवशी एखादं पोर केस न विंचरताच पळत आलंय.

बाई आल्या. बघितलं. मग त्या अशा हसत सुटल्या की त्यांना एका उपड्या कुंडीवर बसावं लागलं. हसून हसून डोळ्यांतून पाणी. "खिसे!" त्या म्हणत आणि पुन्हा सुरू होत. "अहो मास्तर, खिसे!" मास्तरही हसत होते. त्यांना त्या घटकेला जगात काही कमी नव्हतं.

मग बाई डोळे पुसत उठल्या, थोरल्याभोवती एक फेरी मारली, आणि थांबल्या.

"आणि वरचं?"

"वरचं म्हणजे?"

"वरून झाकायचं."

"वर गळा आहे," मास्तर म्हणाले. "गळा उघडाच असतो."

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "मास्तर, पानं जळली तरी चालतात हो, नवी येतात. खोडाला तर थंडी फारशी लागतही नाही. पण ते मधलं सुरळीचं कोवळं पान दिसतंय ना? त्याच्या बुडाशी याचा जीव आहे. एकच. तो गोठला की संपलं. दुसरा फुटत नाही."

मास्तरांच्या पायाखालची जमीन सरकली. जिथे झाकायला हवं होतं नेमकं तिथेच त्यांनी मोकळं सोडलं होतं, आणि जिथे नको होतं तिथे अस्तर लावलं होतं. जन्मात हजारो गळे कापले, त्यातला एकही बंद ठेवायचं कारण पडलं नव्हतं. हाताने सवयीप्रमाणे काम केलं आणि डोकं गुणगुणत बसलं.

"कापड उरलंय का?"

नव्हतं. त्या जाड कापडाची एक चिंधी नव्हती, दुकानात उरलं होतं ते चड्ड्यांचं पातळ कापड. सगळं कॉलरीत, खिशांत आणि मायेत गेलं होतं. बाईंची गोणपाटं, चादरी, पडदे, सगळं झुडपांवर पडलं होतं. प्लास्टिक होतं, पण त्याच्या आत पाणी साचून तेच गोठतं, म्हणून ते चालणार नव्हतं. ऊन भिंतीवरून वर वर सरकत होतं आणि वाऱ्याला धार चढली होती. "शिडी तरी आणते," म्हणून बाई मागे गेल्या, त्या नाक ओढतच.

मास्तर मटकन खाली बसले. झालं. थोरला जाणार, बाई जाणार, रस्त्यापलीकडे कुलूप लटकणार. आणि हे सगळं खिशांपायी!

"बसलास काय असा? तुझ्या रडक्या तोंडाने ऊब येणारे का त्याला?"

अक्का रस्ता ओलांडून येत होती. डोक्यावर तिची दुलई. ती दुलई म्हणजे काय चीज होती ते आधी समजून घ्या. अक्काने स्वतः निवडून भरलेला कापूस, स्वतः घातलेले टाके, आणि त्यावर कुणी नुसतं टेकलं तरी घर डोक्यावर घेणार.

"अक्का, अगं तुझी दुलई..."

"गप रे. बाई गेल्या, तर तू जन्मभर माझ्यासमोर तोंड पाडून बसणार. ते माझ्याच्याने बघवणार नाही. दुलई काय, दुसरी भरीन."

हे अक्का नेहमीच्या आवाजात बोलली. नेहमीचा म्हणजे दोन गल्ल्यांना पुरेसा. आणि बाई शिडी घेऊन अगदी मागेच उभ्या होत्या. ऐकलं की नाही? मास्तरांना काही कळेना. बाईंनी शिडी थोरल्याला टेकवली आणि एवढंच म्हणाल्या, "मी धरते. चढा."

मास्तर चढले. एरवी स्टुलावर चढतानाही त्यांची पाचावर धारण बसे, पण आज भीती वाटायला सवडच नव्हती. बाई खालून सांगत होत्या आणि ते करत होते. पानं हळूच वर गोळा करायची, मधल्या पानाला धक्का लावायचा नाही, सैलसर बांधायचं. सुतळी पानांत रुतली असती, म्हणून बांधायला अक्काने दुकानातून शाळेचे पट्ट्यापट्ट्यांचे टाय आणून दिले. थोरल्याचा सगळा पिसारा पाच-सहा टायांनी आवळून झाला. वर दुलई चढली, टोपरं झालं, आणि मास्तरांनी दाभणात सुतळी ओवून ते टोपरं कॉलरीला शिवायला घेतलं.

आता मात्र त्यांचा हात असा चालायला लागला की विचारू नका. दाभण आत, दाभण बाहेर, सुतळी ताण. जाड दुलई, जाड कॉलर, अंधारून आलेलं, बोटं बधिर झालेली. खाली बाईंनी शिडी धरलीय. बाईंनी! आपण चढलोय त्या शिडीला! मास्तरांना थंडी वाजत होती आणि आतून उकडत होतं. सगळी फेरी पुरी करून त्यांनी शेवटची गाठ मारली, सुतळी दाताने तोडली आणि उतरायला एक पाय खाली टाकला.

उतरता येईना.

त्यांनी ओढून बघितलं. पुन्हा ओढून बघितलं. मग नीट वाकून पाहिलं. त्यांच्या स्वेटरची डावी बाही मनगटापासून कोपरापर्यंत थोरल्याच्या कॉलरीला शिवली गेली होती. सरळ रेषेत, सारख्या अंतराच्या टाक्यांनी. पोटाजवळचा काठही त्यात आला होता.

"अक्का," मास्तर वरून दबक्या आवाजात म्हणाले. "कातर."

"काय झालं?"

"मी... शिवला गेलोय."

अक्का आणि बाईंनी एकमेकींकडे बघितलं. मग जे झालं त्याला हसणं म्हणणं कमी पडेल. बाई शिडीला धरून हसत होत्या, त्यामुळे शिडी हलत होती, त्यामुळे मास्तर हलत होते आणि मास्तरांबरोबर टोपरं घातलेला थोरलाही हलत होता. अक्काने फाटकाला धरून श्वास घेतला. "कातर दुकानात आहे, आणते," ती म्हणाली. सकाळपासून हातगाडीमागे धावणाऱ्या अक्काचे गुडघे नेमके आत्ताच दुखायला लागले असावेत, कारण ती अगदी एकेक पाऊल मोजत रस्ता ओलांडायला लागली.

अंगणात आता दोघंच उरले. एक वर, एक खाली.

"मास्तर," बाई म्हणाल्या, "तुम्ही क्रोटनं न्यायचात, ती जगली का हो?"

"नाही."

"एकही?"

"एकही नाही."

"मग परत परत कशाला नेत होता?"

एरवी या प्रश्नाला मास्तर केव्हाच पळाले असते. आज पळायची सोय नव्हती. त्यांनी मान वळवून बघायचा प्रयत्न केला, तीही नीट वळेना. शेवटी ते समोरच्या दुलईलाच म्हणाले, "मी झाडांसाठी येत नव्हतो."

आणि मग वर्षभराचं तुंबलेलं सगळं भडाभडा बाहेर आलं. तुमचं हसणं ऐकू आलं की शिवण वाकडी जाते, आज सकाळी पँटला तीन पाय कापले, दादाबद्दल कळलं तेव्हापासून जेवण जात नाही, खिसे लावायला नको होते, गळा उघडा ठेवायला नको होता, मी तुम्हाला विचारायचं दर आठवड्याला ठरवतो आणि क्रोटन घेऊन घरी जातो, तर आता विचारतो, तुम्ही इथेच राहाल का? माझ्याबरोबर? म्हणजे दुकान, अक्का, सगळंच? एका दमात. पूर्णविराम न घेता. अक्काने ऐकलं असतं तर तिची वाचा बसली असती.

खालून उत्तर यायच्या आत फोन वाजला.

बाईंनी एका हाताने शिडी धरून दुसऱ्या हाताने फोन कानाला लावला.

"हं, दादा. हो रे, ऐकलं मीही. पहाटे गोठेल म्हणतात. झाकलंय थोरल्याला... कोट घातलाय. कोट रे, कोट! खिशांसकट... ते मला आत्ता कसं कळणार? उन्हाळ्यात नवं पान फुटलं तर जगला म्हणायचा."

मास्तरांनी मोकळ्या हाताने शिडी घट्ट धरली.

"नाही, तिकीट काढू नकोस. नाही, उन्हाळ्याचंही नको... गेला तरी नाही येणार दादा. हो, दिला होता शब्द, माहितेय मला. तेव्हा माझं इथे हे एक झाडच होतं." मग बाईंच्या आवाजात हसू शिरलं. "सांगते सगळं, उद्या सांगते. आता ठेवते. वर एक माणूस अडकलाय, त्याला घरी न्यायचंय."

हे ऐकल्यावर मास्तर शिडीवरून कोसळलेच असते, पण शिवण पक्की होती.